तांबड्या रक्तपेशींच्या गणनेचा आंकडा : त्याचा इतिहास व त्याचें प्रामाण्य

१. उपोद्घात

इतिहाससाधनांत आंकडा हें अत्यंत मोहक आणि म्हणूनच अत्यंत फसवें साधन आहे. बखरकार लाखलाख फौज एका ओळींत उभी करतो; त्याच मोहिमेचा जमाखर्चाचा कागद हातीं लागला म्हणजे त्या लाखांचे कांहीं हजार उरतात. यामुळें संशोधकास एक संवय जडलेली असते. आंकडा दिसतांच तो विचारतो : हा कोणीं मोजला? कशानें मोजला? कोणत्या परिस्थितींत मोजला? आणि यास दुसऱ्या स्वतंत्र कागदाचा दुजोरा आहे काय?

आज प्रत्येक घरांत एक कागद असा येतो कीं ज्यास हे चार प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. तो कागद म्हणजे रक्ततपासणीचा अहवाल. त्यांत तांबड्या पेशींची संख्या लिहिलेली असते, शेजारीं प्राकृत मर्यादा छापलेली असते, आणि संख्या त्या मर्यादेबाहेर गेल्यास ती ठळक अक्षरांत उठवलेली असते. वाचणारा घाबरतो किंवा निश्चिंत होतो. दोन्ही गोष्टी तो एकाच आंकड्याच्या भरंवशावर करतो. हा आंकडा कसा जन्मास आला, त्याची मर्यादा कोणीं ठरविली, आणि एकट्या त्याच्या साक्षीवर निर्णय केल्यास काय अनर्थ होतो, हें साधार दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. या इतिहासांतील एक महत्त्वाचें प्रकरण मुंबईंत परळ येथें घडलें असल्यामुळें महाराष्ट्रीय वाचकांस हा विषय परका वाटूं नये.

२. मोजणीपूर्वींचा काळ

रक्त कमी झाल्याची ओळख मोजणीपेक्षां फार जुनी आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत पांडुरोगास स्वतंत्र अध्याय आहे, आणि रोगाचें नांवच मुळीं वर्णावरून पडलेलें आहे. वैद्य त्वचा, नखें व डोळे पाहून निर्णय करी. ती दृष्टि अनुभवी असे; परंतु एका वैद्याचा फिकटपणा दुसऱ्या वैद्याच्या फिकटपणाशीं ताडून पाहण्यास साधन नव्हतें.

युरोपांत सूक्ष्मदर्शक यंत्र आल्यावर रक्त हा एकजिनसी द्रव नव्हे हें कळूं लागलें. हॉलंडांतील स्वामरडाम यानें इ. स. १६५८ त बेडकाच्या रक्तांत कण पाहिले. पण त्याचें हें लेखन त्याच्या मृत्यूनंतर सुमारें अर्ध्या शतकानें, इ. स. १७३७ नंतर, छापलें गेलें. माल्पीघीनें इ. स. १६६५ त हेच कण पाहून त्यांस चरबीचे गोळे मानलें. डेल्फ्ट येथील कापडाचा व्यापारी लेव्हेनहुक यानें इ. स. १६७४ त मानवी रक्तांतील तांबड्या कणांचें स्पष्ट वर्णन लिहून पाठविलें. हे कण चेंडूसारखे गोल नसून चपटे आहेत, ही गोष्ट विल्यम ह्यूसन यानें इ. स. १७७३ त मांडली. पूर्वींचे लोक रक्त पाण्यांत कालवून पाहत. पाण्यानें कण फुगत व गोल दिसत. ह्यूसननें रक्तांतलाच पातळ रस वापरला व कण मूळ रूपांत राहिले. साधन बदलतांच साक्ष बदलली, याचें हें पहिलें उदाहरण होय.

३. पन्नास लाखांची उत्पत्ति

प्रत्यक्ष मोजणी करण्याचा पहिला मान ट्यूबिंगन येथील कार्ल फीअरोर्ट याजकडे जातो. इ. स. १८५२ त त्यानें केशासारख्या बारीक नळींत रक्ताचें ठराविक माप घेतलें, तें पातळ करून कांचेवर पसरलें, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं एकेक पेशी मोजली. एका गणनेस कांहीं तास लागत. एका घनमिलिमीटर रक्तांत सुमारें ५० लाख पेशी असतात, असा त्याचा निष्कर्ष निघाला. दोन वर्षांनीं, इ. स. १८५४ त, वेल्कर यानें पुरुषांस ५० लाख व स्त्रियांस ४५ लाख असें प्रमाण सांगितलें.

या श्रमांचें मोल मोठें आहे यांत शंका नाहीं. परंतु अस्सल कागद कोणता व त्याच्या नकला कोणत्या, हें पाहणाऱ्यानें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मोजलेलीं माणसें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं होतीं, आणि तीं एकाच देशांतलीं होतीं. तरीहि पुढें सुमारें पाऊणशें वर्षें ग्रंथामागून ग्रंथांत हाच आंकडा उतरत गेला. पन्नास ग्रंथांत एकच मजकूर आढळला म्हणून साक्षी पन्नास होत नाहींत. मूळ एकच असेल तर साक्ष एकच.

याहून नवल असें कीं हा आंकडा पुढें यंत्राच्या कांचेंतच कोरला गेला. लंडनचा विल्यम गॉवर्स यानें इ. स. १८७७ त आपलें रक्तकणमापक प्रसिद्ध केलें. त्यांतील चौकटींची लांबी, रुंदी, खोली व रक्त पातळ करण्याचें प्रमाण त्यानें अशा हिशेबानें योजिलें होतें कीं, रक्तांत ५० लाख पेशी असल्यास दोन चौकटींत बरोबर १०० दिसाव्यात. म्हणजे मोजलेली संख्या हीच प्राकृताची टक्केवारी. सोय मोठी, पण जें तपासावयाचें तेंच गृहीत धरलें गेलें. इ. स. १९२० नंतरच्या दशकांत ऑरेगॉनमध्यें ऑसगुड यानें व न्यू ऑर्लिन्स येथें मॅक्सवेल विंट्रोब यानें निरोगी तरुणांचीं रक्तें नव्यानें मोजलीं, तेव्हां पुरुषांची सरासरी ५० लाखांच्या बरीच वर भरली.

४. मोजणीची रीत व तींतील अपरिहार्य चूक

फ्रान्समध्यें मालासे यानें इ. स. १८७४ त आणि हायेम यानें इ. स. १८७५ त गणनेच्या सुधारलेल्या रीति प्रसिद्ध केल्या; पुढें जर्मनींत थोमा याच्या नांवाची कांच रूढ झाली. या कांचेची रीत अशी : बोटास टोंचून रक्त घ्यावयाचें, तें दोनशें पट पातळ करावयाचें, आणि एकदशांश मिलिमीटर खोल अशा कांचेच्या कोठडींत सोडावयाचें. तळाशीं बारीक रेघांचीं कोष्टकें आंखलेलीं असतात. प्रत्येकाचें क्षेत्र एका चौरस मिलिमीटराचा चारशेंवा भाग. म्हणजे एका कोष्टकावरील द्रव घनमिलिमीटराचा चारहजारावा भाग झाला. अशा ८० कोष्टकांतील पेशी मोजून त्या संख्येवर चार शून्यें चढविलीं कीं एका घनमिलिमीटरांतील संख्या मिळते. ५०० पेशी दिसल्या तर ५० लाख.

येथें विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, अहवालांत पन्नास लाख लिहिले तरी डोळ्यांनीं पाहिलेल्या पेशी पांचशेंच असतात. तांदुळाच्या राशींतून मूठभर घेऊन खडे मोजावे, तसा हा प्रकार. दुसऱ्या मुठींत खडे तितकेच निघतील असें नाहीं. या योगायोगाच्या चुकीचें गणित येना येथील एर्न्स्ट आबे यानें इ. स. १८७८ त मांडलें. पुढें इ. स. १९०७ त डब्लिनच्या गिनेस मद्यशाळेंतील गॉसेट यानें ‘स्टूडंट’ या टोपणनांवानें याच मापकावरील चुकीचा निबंध प्रसिद्ध केला. त्यास यीस्टच्या पेशी मोजावयाच्या होत्या. त्यांच्या गणिताचें सार इतकेंच कीं, मोजलेल्या संख्येचें वर्गमूळ हें चुकीचें माप. ५०० चें वर्गमूळ सुमारें २२. त्याची दुप्पट दोन्ही बाजूंस धरली असतां, नळी व कांच निर्दोष आणि मोजणारा दक्ष असूनहि, पन्नास लाखांचें रक्त एकदां साडेपंचेचाळीस लाख तर एकदां साडेचौपन्न लाख दिसूं शकतें.

या गणितानें एक मासलेवाईक शोध लागला. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमधील बर्क्सन, मॅगाथ व हर्न यांनीं इ. स. १९३५ व १९४० सालच्या निबंधांत असें दाखविलें कीं, मोजणाऱ्यांचे पाठोपाठचे आंकडे एकमेकांशीं योगायोगानें जुळावे त्याहून अधिक जुळत होते. मोजणारे लबाड होते असें नव्हे. पहिला आंकडा ठाऊक असला कीं दुसऱ्या वेळीं डोळा व हात नकळत त्याच आंकड्याकडे झुकतात. दोन बखरी शब्दशः जुळूं लागल्या कीं आपण त्यांस दोन साक्षी न मानतां एकीस दुसरीची नक्कल समजतों. तोच न्याय प्रयोगशाळेंतहि लागू पडला.

५. आंकडा कशाचें प्रमाण सांगतो

अहवालांतील संख्या शरीरांतील एकंदर पेशींची नसून एका ठराविक मापाच्या रक्तांतील पेशींची आहे. हा भेद विसरल्यामुळें वाचणारा नेहमीं फसतो. उलटीजुलाबानें शरीरांतील पाणी गेलें कीं रक्त दाट होतें व संख्या वाढलेली दिसते. पेशी एकहि वाढलेली नसते. उलटपक्षीं गर्भवतीच्या शरीरांत पेशी वाढतात, परंतु रक्तांतील पातळ रस त्याहून अधिक वाढतो. म्हणून संख्या उतरलेली दिसते. हातांत सलाइन चालू असतां त्याच हातांतून रक्त घेतल्यास संख्या खोटीच उतरते. आकस्मिक रक्तस्रावांत तर पहिल्या घटकांत पेशी व रस दोन्ही सारखेच गेलेले असल्यामुळें रोगी संकटांत असूनहि आंकडा जवळजवळ प्राकृत राहतो.

स्थळाचाहि परिणाम असतो. फ्रेंच वैद्य व्हीओ इ. स. १८९० त पेरू देशांतील मोरोकोचा या सुमारें ४,४०० मीटर उंचीवरील खाणींच्या गांवीं गेला. लिमा येथें समुद्रकांठीं सुमारें ५० लाख असलेली त्याची स्वतःची संख्या तेथें कांहीं आठवड्यांतच ७० लाखांवर गेली. विरळ हवेंतून प्राणवायु गोळा करण्यासाठीं शरीरानें केलेली ही तरतूद होय. हीच ७० लाख संख्या मुंबईंतील माणसाच्या अहवालांत आली तर वैद्यास धूम्रपान, फुप्फुसांचे विकार किंवा व्हाकेझनें इ. स. १८९२ त व ऑस्लरनें इ. स. १९०३ त वर्णिलेला रक्तपेशींच्या अतिवृद्धीचा रोग यांचा शोध घ्यावा लागतो. आंकडा तोच; स्थळकाळ पालटतांच अर्थ पालटला.

६. तीन साक्षीदार

पेशींचें काम म्हणजे प्राणवायु वाहणें, आणि तें काम त्यांतील हिमोग्लोबिन हें तांबडें द्रव्य करतें. त्यास हें नांव हॉपे-झायलर यानें इ. स. १८६४ त दिलें. गाड्या किती हें मोजून माल किती पोंचला हें कळत नाहीं; गाडी केवढी व भरली किती हेंहि पाहावें लागतें. जुने वैद्य हिमोग्लोबिनच्या टक्केवारीस पेशींच्या टक्केवारीनें भागून वर्णांक काढीत. परंतु पेशींची टक्केवारी त्याच जुन्या ५० लाखांवर बसविलेली असल्यामुळें मूळ दोष वर्णांकांतहि उतरे.

ही अडचण विंट्रोबनें दूर केली. एका नळींत रक्त वेगानें फिरवून पेशी तळाशीं बसवावयाच्या व शंभर भागांपैकीं किती भाग पेशींनीं व्यापिले हें वाचावयाचें, अशी सुटसुटीत रीत त्यानें इ. स. १९२९ त प्रसिद्ध केली. यास पेशीघनता म्हणूं. पेशीघनता, हिमोग्लोबिन व पेशीसंख्या हे तीन साक्षीदार स्वतंत्र रीतीनें बोलतात. त्यांच्या जबान्या ताडून एका पेशीचें सरासरी आकारमान निघतें : पेशीघनतेच्या टक्क्यांस दहांनीं गुणावें व दशलक्षांत मोजलेल्या पेशीसंख्येनें भागावें. घनता ४५ व संख्या ५० लाख असल्यास उत्तर ९० घनमायक्रॉन. आजच्या अहवालांत यासच फेम्टोलिटर म्हणतात. प्रौढांत ८० ते १०० ही सर्वसाधारण मर्यादा समजतात.

उदाहरणादाखल तीन अहवाल घेऊं. पहिल्यांत संख्या ४० लाख, घनता २८; आकारमान ७०. पेशी लहान आहेत. लोहाच्या अभावाचा संशय येतो. दुसऱ्यांत संख्या २५ लाख, घनता ३०, आकारमान १२०. पेशी थोड्या पण मोठ्या आहेत. येथें फोलिक आम्ल किंवा ब-१२ जीवनसत्त्व यांचा अभाव प्रथम पाहावा. तिसऱ्यांत संख्या ५५ लाख, घनता ३६, आकारमान ६५. केवळ संख्या पाहणारा हा तिसरा माणूस सर्वांत सुदृढ समजेल. वस्तुतः हा थॅलसेमियाचा वाहक असण्याचा संभव असून त्याच्यासाठीं निराळी परीक्षा करावी लागते. डेट्रॉइटच्या कूली यानें इ. स. १९२५ त या रोगाचें तीव्र स्वरूप वर्णिलें. पति व पत्नी दोघेंहि वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास तो तीव्र रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. संख्येवर विसंबून हा कागद बाजूस ठेवणें किती महाग पडेल, हें यावरून दिसतें.

७. परळचें प्रकरण

लूसी विल्स ही विदुषी इ. स. १९२८ त लंडनहून मुंबईस आली. गर्भवती स्त्रियांस, विशेषतः कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांस, एक घातक पांडुरोग होत असे. अनेक स्त्रिया प्रसूतीच्या आगेंमागें त्यानें दगावत. त्याचें कारण शोधण्याचें काम मार्गारेट बाल्फोर यांच्या सूचनेवरून विल्सबाईंनीं पत्करलें. त्यांचें कार्यस्थान परळ येथील हाफकिन संस्था हें होतें. प्लेगच्या काळांत स्थापन झालेल्या प्रयोगशाळेस हें नांव इ. स. १९२५ त मिळालें होतें.

रोग्यांच्या रक्तांत पेशी फार थोड्या, पण आकारानें मोठ्या आढळत. हें चित्र युरोपांतील ॲडिसनच्या घातक पांडुरोगासारखें होतें, आणि त्या रोगावर मायनट व मर्फी यांनीं इ. स. १९२६ त यकृताचा आहार गुणकारी ठरविला होता. चित्र सारखें म्हणून रोगहि तोच, असें मानणें सोपें होतें. विल्सबाईंनीं तसें मानलें नाहीं. मेहता यांच्यासह त्यांनीं प्राथमिक निबंध लिहिला, आणि तळपदे यांच्यासह मुंबईंतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली. रक्ताच्या कागदास स्वयंपाकघराच्या कागदाचा दुजोरा मागणारी ही पाहणी आमच्या मतें या सर्व इतिहासांतील अत्यंत शहाणपणाची कृति होय. ज्यांच्या ताटांत भाजीपाला, फळें व मांसदूध यांचा दुष्काळ, त्यांच्यांत हा रोग अधिक, असें तींतून दिसलें.

पुढें उंदरांवर व माकडांवर प्रयोग झाले. उंदरांच्या प्रयोगांत उवांमुळें पसरणाऱ्या एका संसर्गानें घोटाळा केला. तरीहि शोधाची दिशा सुटली नाहीं. मद्यशाळेंतील यीस्टपासून केलेला मार्माइट नांवाचा स्वस्त अर्क दिल्यावर रोगी स्त्रियांच्या पेशी झपाट्यानें वाढल्या. हा निष्कर्ष इ. स. १९३१ त ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें प्रसिद्ध झाला. पुढें असेंहि दिसलें कीं, ॲडिसनच्या रोगावर लागू पडणारा यकृताचा शुद्ध केलेला अर्क या स्त्रियांस गुण देत नाहीं. अर्थात् दोन रोग भिन्न होते. यीस्टमधील तें गुणकारी द्रव्य म्हणजे फोलिक आम्ल; त्यास हें नांव इ. स. १९४१ त पालकाच्या पानांवरील संशोधनांतून मिळालें, आणि इ. स. १९४५ त अमेरिकेंतील लेडर्ली प्रयोगशाळेंत, येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखालीं, तें कृत्रिम रीतीनें तयार झालें.

या प्रकरणाचा उत्तरभाग अधिक बोधप्रद आहे. फोलिक आम्ल हातीं येतांच तें ॲडिसनच्या रोग्यांसहि देण्यांत आलें. त्यांची पेशीसंख्या वाढली, अहवाल सुधारले. परंतु अनेकांच्या मज्जातंतूंचा विकार बळावत गेला, कारण त्यांच्या शरीरांत उणीव होती ती ब-१२ जीवनसत्त्वाची, आणि तें द्रव्य इ. स. १९४८ पर्यंत वेगळें काढतां आलें नव्हतें. आंकडा बरा होत होता आणि माणूस पांगळा होत होता. एका साक्षीवर निकाल देऊं नये, या न्यायास याहून कठोर दाखला आम्हांस ठाऊक नाहीं. आजहि मोठ्या पेशींचा पांडुरोग दिसल्यास ब-१२ ची परीक्षा केल्याविना नुसत्या फोलिक आम्लावर वैद्यांनीं विसंबूं नये, असा दंडक आहे तो यामुळेंच.

८. यंत्रयुगांतील आंकडा

अमेरिकेंतील वॉलेस कोल्टर यास इ. स. १९५३ त एका नव्या युक्तीचा हक्क मिळाला. क्षारयुक्त पाण्यांत विरळ केलेलें रक्त एका सूक्ष्म छिद्रांतून ओढावयाचें व त्यांतून विजेचा प्रवाह सोडावयाचा. पेशी छिद्रांतून जातांना प्रवाहास क्षणभर अडथळा होतो, व तितके अडथळे यंत्र मोजतें. अडथळा जितका मोठा तितकी पेशी मोठी, म्हणून आकारमानहि त्याच वेळीं कळतें. पांचशेंच्या जागीं हजारों पेशी कांहीं सेकंदांत मोजल्या जाऊं लागल्या, व वर्गमूळाची चूक नगण्य झाली.

तथापि यंत्रासहि लेखनिकासारखे हस्तदोष आहेत. कांहीं रोग्यांच्या पेशी थंडीनें एकमेकींस चिकटतात. दोनतीन पेशी मिळून छिद्रांतून गेल्या कीं यंत्र त्यांस एकच मोठी पेशी समजतें. मग संख्या खोटी कमी व आकारमान खोटें मोठें येतें. नमुना ऊन करून मोजला कीं दोन्ही ताळ्यावर येतात. असा विसंगत कागद आल्यास कांचेवर रक्त पसरून डोळ्यांनीं पाहणें हाच अखेरचा पुरावा ठरतो.

आजच्या अहवालांत पुरुषांस सुमारें ४५ ते ५५ लाख व स्त्रियांस सुमारें ३८ ते ४८ लाख अशी मर्यादा दिसते. ती प्रयोगशाळेगणिक थोडी बदलते. अशा मर्यादा बहुधा निरोगी माणसांपैकीं शेंकडा ९५ जणांचे आंकडे धरून ठरवितात. अर्थात् विसांतील एक निरोगी माणूस तीबाहेर पडणारच. म्हणून रेषेच्या किंचित् बाहेरचा आंकडा म्हणजे रोग नव्हे, व रेषेच्या आंतला म्हणजे आरोग्याची सनद नव्हे. पांडुरोगाची जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्यादेखील पेशीसंख्येवर नसून हिमोग्लोबिनवर आहे : शंभर मिलिलिटर रक्तांत प्रौढ पुरुषांस १३ व गर्भवती नसलेल्या स्त्रियांस १२ ग्रॅमपेक्षां कमी. वाचणाऱ्यानें प्रथम हिमोग्लोबिन पाहावें, मग आकारमान, मग संख्या; त्यानंतर त्याच माणसाचा मागील अहवाल शेजारीं ठेवावा. ज्याची संख्या वर्षांनुवर्षें ५३ लाख होती तिची ४६ लाख झाली, तर ती मर्यादेच्या आंत असूनहि विचारणीय आहे. हे सर्व कागद घेऊन वैद्याकडे जावें. रोग्यास पाहून त्यांचा अर्थ लावणें हें त्याचें काम.

९. उपसंहार

येणेंप्रमाणें सुमारें पावणेदोनशें वर्षांच्या या आंकड्याचा वृत्तांत आहे. मोजण्याची कला वाढत गेली, तरी वाचण्याचा न्याय पालटला नाहीं : साधन तपासावें, परिस्थिति विचारावी, स्वतंत्र दुजोरा मागावा. परळच्या त्या स्त्रियांच्या रोगाचें कारण सांपडलें तें रक्ताची साक्ष ताटाच्या साक्षीशीं जोडल्यानें.

संग्राहकांस एक विनंति करावीशी वाटते. जुन्या रुग्णालयांच्या वह्या, वैद्यांचीं टिपणें, घरोघरचे पिवळे पडलेले तपासणीचे कागद यांस आपल्याकडे अद्याप कोणी साधन मानीत नाहीं; रद्दींत प्रथम तेच जातात. गिरणगांवांतील माणसें काय खात, कशानें आजारी पडत, हें सांगणारे पुरावे यांतच दडलेले आहेत. असे कागद हातीं आल्यास रोग्याचें नांव गुप्त राखून ते जतन करावे. आणि आंकडा उतरून घेतांना तारीख, स्थळ, यंत्र व मोजण्याची रीतहि उतरून घ्यावी. नुसता आंकडा उतरला तर पुढील संशोधकाच्या हातीं आणखी एक बखर पडेल.